बॅरिस्टर अंतुले : एका पानात काय लिहावं?

साकवावरून

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमच्या गावात एक लहानसं 'ड' वर्गाचं वाचनालय आहे. यंदा शाळेतल्या मुलांसाठी 'आपल्या जिल्ह्याची माणसं' अशी पुस्तिका काढायचं ठरलंय. जिल्हा रायगड, प्रत्येकाला एक पान. गागोद्याचे विनोबा, नात्याचे चिंतामणराव देशमुख, चरीच्या शेतकरी संपाचे नारायण नागू पाटील ही पानं बिनबोभाट मंजूर झाली. गाडं अडलंय ते आंबेतच्या बॅरिस्टर अंतुल्यांवर, म्हणजे १९८० ते ८२ मधल्या मुख्यमंत्र्यांवर.

समितीत आम्ही सात जण. आमचे तात्या म्हणतात, सिमेंटचा विषय, म्हणजे सिमेंट वाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याचा आरोप, काढणार असाल तर पानच नको, मेलेल्या माणसाची मुलांसमोर अब्रू काढू नका. समितीतल्या निवृत्त मुख्याध्यापक बाई म्हणतात, सिमेंट वगळून लिहिणार असाल तर ते पान खोटं, आणि वाचनालयाने खोटं पान छापू नये. बाकीचे पाच जण दोघांकडे आळीपाळीने बघतायत. त्यात मीही आलो.

माझी स्वतःची अडचण वेगळी आहे. माझी आजी तिशीत विधवा झाली. शेत नावापुरतं, मुलगा एकच आणि तोही लहान. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे तिला मिळू लागले तेव्हा घरात पहिल्यांदा कुणापुढे हात न पसरता मीठमिरची आली, असं वडील सांगतात. कधी दर महिन्याला यायचे, कधी तीन महिन्यांचे एकदम. संजय गांधी कोण हे आजीला ठाऊक नव्हतं. ती शेवटपर्यंत त्यांना 'अंतुल्यांचे पैसे' म्हणायची. मी पान लिहायला बसलो की ती आठवते आणि हात थांबतो.

तुम्ही काय लिहिलं असतं? १९८० ते ८२ चा काळ प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मृद्गंध_७१

चांगला विषय. वाचतेय.

तेरेखोल

तळकोकणातून लिहितोय. आमच्याकडे १ मे १९८१ च्या आधी जिल्हा म्हणजे रत्नागिरी. नकाशा काढून बघा, दोडामार्ग कुठे आणि रत्नागिरी कुठे. कलेक्टर कचेरीत एका कागदावर शिक्का हवा असला तर दोन दिवस मोडायचे. एसटी, मुक्काम, साहेब रजेवर असले तर परत तेच. माझे काका जमिनीच्या एका दाव्यासाठी वर्षभर अशा खेपा घालत होते. सिंधुदुर्ग जिल्हा झाला, ओरोसला ठाणं आलं आणि सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परत येता येऊ लागलं. ही मागणी जुनी होती. मुख्यमंत्री अनेक झाले, जिल्हा अंतुल्यांनी केला. पानावर दुसरं काही लिहा न लिहा, हे लिहा.

मोसंबीबाग

+१. त्याच दिवशी आमचा जालना जिल्हाही औरंगाबादमधून वेगळा झाला. आणि एक गोष्ट कोकणातल्या मंडळींच्या लक्षात नसते : मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ ला बसायला लागलं, तेही याच मुख्यमंत्र्यांच्या काळात. मराठवाड्यातल्या माणसाला मुंबईचा वकील आणि मुंबईचा मुक्काम परवडत नव्हता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि खंडपीठ टिकलं.

विटामाती

सिमेंटचं काय झालं ते लिहिण्याआधी तेव्हा सिमेंट म्हणजे काय चीज होती ते मुलांना सांगावं लागेल. आज दुकानात जाऊन हवी तेवढी पोती आणता येतात, त्यामुळे 'सिमेंट घोटाळा' म्हटलं की पोरांना वाटतं कुणी पोती पळवली.

८१ साली सिमेंटचा भाव सरकार ठरवायचं आणि वाटपही सरकारच करायचं. राज्याला कोटा यायचा आणि त्यातून परमिट निघायचं. माझ्या वडिलांनी त्याच वर्षी घराचं काम काढलं. तालुक्याच्या कचेरीत अर्ज, सोबत नकाशा, ग्रामपंचायतीचा दाखला. मागितली होती साठ पोती, मंजूर झाली बारा. तीही पुढच्या महिन्यात, मग त्याच्या पुढच्या. भिंती चुन्यात आणि मातीत उभ्या केल्या, वरचा स्लॅब राहूनच गेला. आम्ही तीन पावसाळे पत्र्याखाली काढले. काळ्या बाजारात पोतं मिळायचं, पण वडिलांनी ते घेतलं नाही. 'परमिट आलं की बघू' एवढंच म्हणायचे.

आणि त्याच वेळी मुंबईत ज्यांना नेहमीच्या वाट्यापेक्षा जास्त सिमेंट मिळत होतं, त्या बांधकामवाल्यांच्या देणग्या मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानांत जमा होत होत्या. ३१ ऑगस्ट १९८१ ला इंडियन एक्सप्रेसमध्ये अरुण शौरींनी ते सगळं छापलं. आमच्याकडे मराठी पेपरात दोन दिवसांनी वाचायला मिळालं. वडील ओट्यावर बसून वाचत होते. वाचून झाल्यावर पेपर घडी करून ठेवला आणि अर्धवट भिंतीकडे बघत राहिले. मी तेव्हा बारा वर्षांचा. ते बघणं मी विसरलेलो नाही.

साकवावरून, तुमच्या आजीचं खरं आहे आणि माझ्या वडिलांचंही खरं आहे. पानावर दोघांना जागा द्या.

घाटवाट

विटामाती, तुमच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो. देणग्या त्या काळी कोण घेत नव्हतं? अंतुल्यांनी निदान प्रतिष्ठान काढलं, रीतसर नोंद ठेवली. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान लेखक-कलावंतांना मदत करण्यासाठी होतं. बाकीच्यांनी रोख घेतले, त्यांची नावं कुठे आहेत? नोंद ठेवणारा पकडला गेला आणि न ठेवणारे साळसूद राहिले. शिवाय शिक्षा झाली का? नाही झाली. मग 'घोटाळा' हा शब्द मुलांच्या पुस्तिकेत कशाच्या आधारावर छापणार?

विटामाती

नोंद होती म्हणूनच कुणाला किती पोती मिळाली आणि कुणी किती देणगी दिली हे शेजारी शेजारी ठेवून बघता आलं. माझा मुद्दा पैसे कुठे गेले हा नाहीच. सिमेंट जनतेचं होतं. ते द्यायच्या बदल्यात काहीही मागायचा अधिकार मुख्यमंत्र्याला नव्हता, मग ते लेखकांसाठी असो नाहीतर देवळासाठी.

कलम_चौदा

पेशाने वकील आहे. शिक्षा झाली नाही हे बरोबर, पण तेवढं एकच वाक्य लिहिलं तर वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. इथे दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, त्या वेगळ्याच ठेवा.

पहिली, उच्च न्यायालयातली रिट याचिका. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ ला निकाल दिला. सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा परस्परसंबंध आहे असा निष्कर्ष त्यात काढला. हा फौजदारी खटला नव्हता, त्यामुळे शिक्षेचा प्रश्नच नव्हता. पण पदावर असलेल्या मुख्यमंत्र्याबद्दल त्याच राज्याच्या उच्च न्यायालयाने असं म्हणणं साधी गोष्ट नव्हती. खुर्ची गेली ती यामुळे.

दुसरी, फौजदारी तक्रार. भाजपचे रामदास नायक यांनी ती केली. विशेष न्यायाधीशांनी १९८३ मध्ये असं धरलं की अंतुले अजून आमदार आहेत, म्हणजे लोकसेवक आहेत, म्हणून पूर्वपरवानगीशिवाय खटला चालणार नाही. त्यांनी आरोपीला मोकळं केलं. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं. ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद सुटल्यावर परवानगी लागत नाही, असं सांगितलं. भ्रष्टाचाराची तक्रार सामान्य नागरिकही करू शकतो, हेही याच प्रकरणात ठरलं. मला विचाराल तर या सगळ्यातून देशाला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही. न्यायालयाने मग खटला लवकर संपावा म्हणून तो थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला.

इथे गंमत झाली. गंमत म्हणजे कायद्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीने, आरोपीसाठी आणि तक्रारदारासाठी नव्हे. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींनी बहुमताने म्हटलं की खटला उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा तो आदेशच चुकला होता. कायद्याने हा खटला विशेष न्यायाधीशापुढे चालायला हवा, तो वर नेल्यामुळे आरोपीचा अपिलाचा एक टप्पा हिरावला गेला. न्यायालयाच्या चुकीचा फटका पक्षकाराला बसता कामा नये. झालं, मधली वर्षं गेली. मग १९९१ मध्ये पुन्हा अंतुलेच सर्वोच्च न्यायालयात, या वेळी जलद सुनावणीचा हक्क या मुद्द्यावर. तो निकाल आजही देशभरातल्या कोर्टांत रोज वाचून दाखवला जातो. खटला किती वर्षांत संपलाच पाहिजे अशी मुदत न्यायालयाने घातली नाही, पण विलंब कुणामुळे झाला हे कसं तपासायचं याची सूत्रं दिली.

थोडक्यात, खटला दहा वर्षं 'कुठे चालवायचा' आणि 'कसा चालवायचा' यातच फिरला. निर्दोष ठरणं आणि शिक्षा न होणं यांत फरक असतो. घाटवाट, मी 'घोटाळा' शब्द वापरणार नाही, इथे तुमच्याशी सहमत. 'उच्च न्यायालयाच्या निकालानंतर राजीनामा द्यावा लागला' एवढं लिहीन. ते निर्विवाद आहे.

मृद्गंध_७१

कलम_चौदा, हे इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

अवांतर : लेंटिन म्हणजे जे. जे. रुग्णालयाच्या ग्लिसरॉल प्रकरणाची चौकशी केली तेच ना?

कलम_चौदा

होय, तेच. १९८६ मध्ये भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले, त्यावरचा लेंटिन आयोग. तो अहवाल वाचण्यासारखा आहे. पण धागा अंतुल्यांचा आहे, आवरतो.

दादर_पूर्व

मी तेव्हा मुंबईत नोकरी करत होते. निराधार योजनेचं वर वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहिते.

त्याच मुख्यमंत्र्यांनी १३ जुलै १९८१ ला जाहीर केलं की मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या सगळ्यांना हटवून त्यांच्या त्यांच्या मूळ गावी पाठवायचं. तारीख बघा, जुलै. ऐन पावसाळा. आमच्या ऑफिसच्या रस्त्यावर एक कुटुंब पाच-सहा वर्षं राहत होतं. बाई घरकामं करायची, नवरा हमाली. मी रोज तिच्या मुलीला बघत जायची, दोन वेण्या आणि लाल रिबिनी. एका सकाळी गेले तर तिथे नुसतं ओलं प्लास्टिक आणि फुटलेली चूल. गाडीत घालून नेलं असं समोरच्या पानवाल्याने सांगितलं. कुठे नेलं, ते त्यालाही माहीत नव्हतं. काही दिवसांत कोर्टाने मनाई दिली, पण ते कुटुंब त्या जागी परत आलं नाही.

पुढे ओल्गा टेलिस या पत्रकार बाई आणि त्या वस्त्यांमधले लोक यांच्या याचिकेवर १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. पदपथावर कायम राहायचा हक्क दिला नाही, पण नोटीस द्यायला हवी, पावसाळ्यात हटवू नये, असं म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढून त्या रिबिनी जात नाहीत.

निराधार विधवेला पैसे देणारा आणि निराधार कुटुंबाला पावसात गाडीत घालणारा माणूस एकच. मला हे आजही नीट जुळवता आलेलं नाही.

साकवावरून

दादर_पूर्व ताई, हे मला माहीत नव्हतं. समितीतही कुणी काढलं नाही. सगळे सिमेंटवरच भांडतोय.

तेरेखोल

मला वाटतं जुळतं. दोन्हीकडे स्वभाव एकच दिसतो. मनात आलं की ठरवलं, ठरवलं की दुसऱ्या दिवशी आदेश. फाइल फिरू द्यायची नाही, कुणाला विचारायचं नाही. जिल्हा हवाय? घ्या. फुटपाथ मोकळे हवेत? करा. प्रतिष्ठानला पैसे हवेत आणि सिमेंट माझ्या हातात आहे? मग बोलवा त्यांना. चांगला निर्णय असला तर लोक या स्वभावाला धडाडी म्हणतात. सिंधुदुर्ग त्या धडाडीमुळे मिळाला, म्हणून मी आभारी आहे. पण विचारायचंच नाही अशी सवय लागली की कुठे थांबायचं हे सांगणारा माणूस जवळ उरत नाही.

खाडीपलीकडची

बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितेय. माझं माहेर सावित्रीच्या खाडीजवळ, आंबेतपासून फार लांब नाही. आम्ही कोकणी मुसलमान. घरात बाबा, चुलते सगळे आधी जहाजावर, मग आखातात. बॅरिस्टरसाहेब मुख्यमंत्री झाले त्या दिवशी, ९ जून १९८० ला, गावात काय वातावरण होतं ते आई अजून सांगते. मशिदीत दुआ झाली आणि देवळाच्या पटांगणात गुलाल उडाला. आमच्या कोकणातला माणूस त्या खुर्चीत बसला होता. महाराष्ट्राला मुसलमान मुख्यमंत्री त्याआधी मिळाला नव्हता आणि त्यानंतरही मिळालेला नाही.

मला दोन गोष्टींचा त्रास होतो. एक, कुणी म्हणतं, मुसलमान होते म्हणून पाडलं. आमच्यातलेही म्हणतात. मी तो निकाल मोठी झाल्यावर वाचला. त्यात धर्म कुठे नाही, पोती आणि देणग्या आहेत. आपल्या माणसाची चूक झाकायला आपलीच जखम वापरू नये असं मला वाटतं. दोन, याच्या उलट कुणी म्हणतं, शिवाजी महाराजांचं नाव घेत होते ते ढोंग होतं. कुलाबा जिल्ह्याचं रायगड करणं, भवानी तलवार इंग्लंडहून आणायची घोषणा करणं, हे सगळं स्वतःवरचा संशय दूर करायला होतं म्हणे. का? आंबेतच्या माणसाला रायगड आपला वाटू शकत नाही? आमच्या घराच्या ओट्यावरून ज्या डोंगररांगा दिसतात, त्याच मुलखातला तो किल्ला. आम्ही शाळेत त्याच गडावर सहलीला गेलो, माझ्या बाबांनीही आयुष्यात पहिला किल्ला पाहिला तो तोच. तलवार आली नाही ते खरं. पण इच्छा खोटी होती हे कशावरून?

मोसंबीबाग

खाडीपलीकडची, तुम्ही लिहीत राहा.

जुनाकागद

रायगड नावावरून एक गोष्ट सांगतो, मला ती फार लागते. जिल्ह्याचं नाव बदललं तरी लोकसभा मतदारसंघ कुलाबाच राहिला. ज्याने नाव बदललं तो माणूस १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ असा चार वेळा 'कुलाब्याचा' खासदार म्हणून निवडून आला. २००९ मध्ये मतदारसंघाला पहिल्यांदा रायगड हे नाव मिळालं आणि त्याच निवडणुकीत अनंत गीते यांनी त्यांना हरवलं. १९६२ पासून श्रीवर्धनची आमदारकी, राज्यसभा, पक्षाचं सरचिटणीसपद, मुख्यमंत्रिपद, केंद्रात आरोग्य खातं, मग अल्पसंख्याक खातं. एवढ्या मोठ्या प्रवासातली ती शेवटची निवडणूक.

घाटवाट

२००९ ला हरण्याचं कारण २००८ मध्ये आहे. हेमंत करकरे यांच्या हौतात्म्यावर त्यांनी जे प्रश्न उभे केले, ते लोकांना पटले नाहीत. इथपर्यंत मी अंतुल्यांची बाजू घेत आलो, पण त्या डिसेंबरात मला मनापासून वाईट वाटलं. २६/११ ला जेमतेम तीन आठवडे झाले होते. केंद्रीय मंत्री असलेल्या माणसाने संसदेबाहेर पत्रकारांसमोर, करकरेंना तिकडे कुणी पाठवलं असा संशय बोलून दाखवायचा? शंका होती तर मंत्रिमंडळात विचारायची. पुढे गृहमंत्री चिदंबरम यांनी लोकसभेत संशयाला आधार नाही असं सांगितलं आणि विषय मिटला, पण तोवर पाकिस्तानातल्या पेपरांना खाद्य मिळालं होतं.

अनामिक_वाटसरू

प्रश्न विचारणं म्हणजे देशद्रोह झाला का? मालेगाव बॉम्बस्फोटाचा तपास करकरेच करत होते, मग...

घाटवाट

मी देशद्रोह हा शब्द वापरलेला नाही. वर जाऊन परत वाचा.

व्यवस्थापक

२६/११ च्या तपासावर स्वतंत्र धागे आहेत, ती चर्चा तिकडे न्यावी. या धाग्यावरचे पुढचे सहा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. मूळ प्रश्न वाचनालयाच्या पानाचा आहे.

गिरणगाव

उशिरा आलो. धाग्यात कुणीच संपाचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

निकाल १२ जानेवारी १९८२ चा. दत्ता सामंतांचा गिरणी संप १८ जानेवारीला सुरू झाला. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले २१ जानेवारीला. म्हणजे अडीच लाख गिरणी कामगार ज्या दिवशी बाहेर पडले, त्या दिवशी राज्याचा मुख्यमंत्री जाणारा होता आणि येणारा कोण हे दिल्लीलाच माहीत होतं. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. ते आयुष्यभर म्हणत राहिले, तो आठवडा कुणी हातात घेतला असता तर बोलणी झाली असती. मला वडिलांइतकी खात्री वाटत नाही. दिल्लीला सामंतांपुढे नमायचं नव्हतं, गिरणीमालकांनाही घाई नव्हती, अंतुले राहिले असते तरी कदाचित तेच झालं असतं. पण एक राजीनामा कुठे कुठे जाऊन लागतो हे बघा. आमच्या चाळीत त्या वर्षी गणपतीला वर्गणी मागायला कुणी फिरलं नाही. आईने मंगळसूत्रातली वाटी मोडली ती त्या दिवाळीला.

दादर_पूर्व

गिरणगाव, आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, दोघे भाऊ गिरणीत. धाकटा गावी गेला तो परतलाच नाही. वाचून सगळं आठवलं.

हुरडा

बाबासाहेब भोसल्यांचा विषय निघालाच आहे तर : 'बंडोबांचे थंडोबा झाले' हा शब्दप्रयोग त्यांच्याच नावावर सांगितला जातो. आमच्या सोलापूरचे जावई, तुळशीदास जाधवांचे. एकच वर्ष मिळालं, पण त्या वर्षात संप, पोलिसांचं बंड, सगळं अंगावर आलं. तरी माणूस हसत होता. त्यांच्या किश्श्यांवर वेगळा धागा काढूया का?

तेरेखोल

काढा, जरूर काढा. त्या धाग्यावर पहिला प्रतिसाद माझा.

मृद्गंध_७१

मूळ प्रश्नाकडे येते. मी शिक्षिका आहे, सातवी-आठवीला शिकवते. मुलांना चांगलं आणि वाईट दोन्ही कळतं, पण त्यांना अर्धं सांगितलेलं लगेच कळतं. घरी कुणीतरी आजोबा सिमेंटचं बोलतातच. मग मूल पुस्तिका उघडतं, त्यात ते नसतं, आणि ते ठरवतं की पुस्तकात मोठ्या माणसांबद्दल खरं लिहीत नाहीत. ते एकदा मनात बसलं की विनोबांचं पानही त्याला खोटं वाटतं. म्हणून मला तुमच्या मुख्याध्यापक बाई पटतात. आणि तात्याही पटतात, कारण त्यांची भीती शब्दांची आहे. शब्द नीट निवडा, गोष्ट गाळू नका.

साकवावरून

सगळ्यांचे मनापासून आभार. चार रात्री बसून पान लिहिलं. इथे टाकतोय, चुका काढा.

"बॅ. ए. आर. अंतुले यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ रोजी आंबेत येथे झाला. लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्यावर १९६२ मध्ये ते श्रीवर्धनमधून आमदार झाले. जून १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात निराधार व्यक्तींना दरमहा मदत देणारी योजना सुरू झाली, ती आजही चालू आहे. १ मे १९८१ रोजी आपल्या जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हेही त्याच वर्षी झाले. जुलै १९८१ मध्ये त्यांनी मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्या गरीब कुटुंबांना शहराबाहेर पाठवण्याचा आदेश दिला, त्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले. त्या काळी सिमेंट सरकारी परवान्यावर मिळत असे. जास्त सिमेंट मिळालेल्यांनी मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानला देणग्या दिल्या आणि या दोन गोष्टींचा संबंध आहे असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिल्यावर जानेवारी १९८२ मध्ये त्यांचे पद गेले. त्यांच्यावरचा खटला अनेक वर्षे चालला, त्यात त्यांना शिक्षा झाली नाही. पुढे ते चार वेळा खासदार व केंद्रात मंत्री झाले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. आंबेत येथेच त्यांना दफन केले आहे."

आजीचं लिहिलं नाही. ते माझ्यापाशी राहू दे.

जुनाकागद

छापण्याआधी दुरुस्ती करा. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासून आहे. १ मे ही तारीख सिंधुदुर्ग आणि जालन्याची. तुम्ही दोन्ही एकत्र केल्यात.

कलम_चौदा

'चार वेळा खासदार'च्या आधी 'लोकसभेचे' असं घाला, कारण त्याआधी राज्यसभाही होती. बाकी एकही वाक्य मी कोर्टात मागे घेणार नाही.

विटामाती

'त्या काळी सिमेंट सरकारी परवान्यावर मिळत असे.' एवढंच हवं होतं. वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

घाटवाट

मला मान्य आहे. पदपथांचं वाक्य आलं हे बरं झालं, मला तेही ठाऊक नव्हतं.

साकवावरून

जुनाकागद, कलम_चौदा, दोन्ही दुरुस्त्या केल्या.

काल बैठक झाली. बाईंनी पान मोठ्याने वाचलं. तात्या सिमेंटच्या ओळीला खाली बघत होते, पण मध्ये बोलले नाहीत. वाचून संपल्यावर त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला आणि एकच बदल सांगितला. 'ए. आर.' नको, अब्दुल रहमान असं पूर्ण नाव लिहा, मुलांना नाव कळू दे. तसं केलं. पान उद्या छापायला जातंय.